टोपाआडचा आवाज

नरहरी सोनटक्के पहिल्या दिवशी आमच्या स्टुडिओत आले तेव्हा त्यांनी कोणाला नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, पडद्यावर मी अर्धवट काढलेला हात बघितला आणि म्हणाले, "ह्याचं एक बोट कुठं गेलं?"

मी त्यांना समजावून सांगितलं, की कार्टूनमधल्या माणसाला अंगठा धरून चारच बोटं काढतात. काम वाचतं, हात सुटसुटीत दिसतो आणि बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आमच्या धंद्यात हे पूर्वीपासून चालत आलंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाकीच्यांचं तुमचं तुम्ही बघा. माझ्या माणसाला पाच पायजेत."

मला तेव्हा राग आला होता. आज वेगळ्या कारणाने येतो, पण येतो. सोनटक्के काकांबद्दल लिहायचं तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्यांचा माणूस म्हणजे शिलेदार वज्रधर. मुंबईच्या एका कंपनीसाठी आम्ही 'आकाशपथक' नावाची मुलांची मालिका करत होतो. त्यात उडणारी, आग ओकणारी, भिंतीतून आरपार जाणारी पोरं होती आणि त्यांच्या जोडीला हा एक जुन्या काळातला शिलेदार. शेकडो वर्षं गडाच्या तळघरात झोपलेला आणि आता एकदम आपल्या काळात जागा झालेला. अंगभर चिलखत, डोक्यावर तोंड झाकणारा लोखंडी टोप. मुंबईहून तो आमच्याकडे आला तेव्हा त्याला एकच काम होतं, मोबाईल बघून दचकायचं आणि लिफ्टला तलवार मारायची. पोरांना तो अजिबात आवडत नव्हता. त्याला बदला, नाहीतर मारून टाका, असा वरून निरोप आला.

तेव्हा आमचा मालक निखिल याला काका आठवले. निखिल निगडीच्या प्राधिकरणातला मुलगा. त्याचे वडील आणि सोनटक्के काका एकेकाळी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत एकत्र नाटकं करत. काका मूळचे बीडकडचे, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचे सुपरवायझर होते. पहिल्या पाळीला मशीन चालवून घ्यायची आणि संध्याकाळी तालमी. लिहायचे, बसवायचे, मुख्य काम स्वतःच करायचे. निवृत्त झाल्यावर भोसरीत घरी बसून बायकोला वैताग देत होते. निखिलने त्यांना बोलावलं आणि वज्रधर त्यांच्या हवाली केला.

दिसायला ते रुबाबदार होते आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. केस काळेभोर रंगवलेले, मिशी मात्र पांढरी ठेवलेली. का, तर आवाज असलेल्या माणसाला पांढरी मिशी शोभते, असं त्यांचं मत. कापडी पिशवीत स्वतःचा स्टीलचा ग्लास आणायचे. चहा त्यातच प्यायचे आणि प्यायल्यावर लगेच स्वतः धुऊन, पुसून परत पिशवीत ठेवायचे. त्या ग्लासाला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. कोणाचं कौतुक करणं तर त्यांच्या जिवावर यायचं. माझं एखादं चित्र फार आवडलं तर "चालतंय" म्हणायचे आणि नाही आवडलं तर काही न बोलता चष्मा काढून पुसायला लागायचे. आमच्याकडच्या संवाद लिहिणाऱ्या तरण्या मंडळींना ते तोंडावर 'जाहिरातवाले' म्हणायचे. त्यांच्याशी कोणाचं फार दिवस पटलं नाही. माझं पटलं, ते का, मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक मीही तशीच तिरसट आहे म्हणून.

लिहिलेलं ते बसून कधी वाचत नसत. उभे राहायचे, समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि वाचायचं. वाक्य पटलं नाही तर खुर्ची हलवायचे. एकदा निखिल त्याच खुर्चीत बसलेला असताना त्यांनी अख्खा भाग वाचला, आणि तो बिचारा शेवटपर्यंत हिंदकळत बसला होता.

वज्रधराला त्यांनी एक भूतकाळ दिला. हा गडाचा मुख्य दरवाजा राखणारा. शत्रू चालून आला, खालच्या वस्तीतली माणसं जिवाच्या आकांताने गडाकडे धावत सुटली आणि ती आत यायच्या आधीच याने साखळीवर टांगलेला दरवाजा खाली पाडला. बाहेर राहिलेली सगळी मारली गेली. त्यांच्यात याच्याबरोबर रोज पहारा देणारा सिदू होता. हे वज्रधर कोणाला सांगत नाही. आताच्या काळात तो पोरांसाठी उड्या घेतो, इमारती पडताना दारं धरून उभा राहतो, आणि एकही दार स्वतः बंद करत नाही. उघडंच टाकून जातो. पोरं त्याला त्यावरून चिडवतात. शेवटच्या भागात तो त्यांना खरं काय ते सांगणार, असं काकांनी ठरवलं होतं.

निखिलला गोष्ट आवडली, पण तो धास्तावला. "काका, पण त्याने असं का केलं? राजाचा हुकूम होता असं दाखवू या ना. म्हणजे तो एवढा वाईट वाटणार नाही."

"दाखव की," काका म्हणाले. "हुकूम होता, शत्रू होता, गड वाचवायचा होता. कारण सगळ्यांकडे असतंय राव. आधी केलं का न्हाई ते सांगा."

हे त्यांचं पालुपद होतं. चोर का चोरतो, खलनायकाचं बालपण कसं गेलं, असल्या गोष्टींची त्यांना चीड होती. जाहिरातवाल्यांपैकी कोणी एखाद्या पात्राची कैफियत मांडायला लागलं की काका हात वर करून थांबवायचे, "कारण सगळ्यांकडे असतं. म्होरं." पुढे पुढे आम्ही एकमेकांनाही तसंच म्हणायला लागलो. कोणी उशिरा आलं की सगळे एका सुरात तेच वाक्य म्हणायचे. काका त्यावर हसत नसत.

आणि वज्रधर चालला. पोरं त्याच्यासाठी मालिका बघायला लागली. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचं चिलखत घातलेली मुलं दिसू लागली. वज्रधराचा आवाजही काकांचाच होता. सुरुवातीला नुसतं चित्रांच्या लांबीचं मोजमाप घेण्यापुरता त्यांनी तो दिला होता, पण मग दुसऱ्या कोणाचा लावावासा वाटेना. खर्जातला, जरा भेगाळलेला आवाज होता. त्याबद्दल वाद नाही.

आमचा स्टुडिओ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडच्या वरच्या मजल्यावर आहे. भिंतीला भिंत लागून एक प्रेस शॉप आहे. पत्र्यावर वरून दणका देऊन गाड्यांचे सुटे भाग काढतात. दिवसभर धप धप चालू. भिंतीला किती फोम लावला तरी तो दणका माइकमध्ये येतोच. म्हणून शेजाऱ्यांची जेवणाची सुट्टी झाली की आमचं रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. जग वाचवायला निघालेले आमचे वीर शेजारचे डबे उघडेपर्यंत तोंड उघडू शकत नसत. बाकीचे कलाकार घाईघाईत मधल्या फटीत एखादं वाक्य मारून न्यायचे. काका नाही. पहिला दणका बसला की ते वाक्याच्या मध्यावर थांबायचे आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवायचे. निखिल म्हणायचा, अहो, एवढं ऐकू येत नाही. काका म्हणायचे, "मला येतंय."

एकदा माझा मिक्सर बिघडला. काका म्हणाले, चाकणला एक माणूस हाय, त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा न्हाई, रविवारी चल. ते त्यांच्या जुन्या स्कूटरवर पुढे, मी माझ्या स्कूटीवर मिक्सर पायाशी ठेवून मागे. राजगुरुनगरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका गाळ्यात पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. कोपऱ्यात उंचावर टीव्ही. दुकानदाराचं नाव गफूरभाई. सोलापूरकडचे, काकांपेक्षा थोडे लहान असतील.

माझा जन्म हात काढण्यात चाललाय, त्यामुळे पहिली नजर तिकडेच गेली. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा होता आणि शेजारी तर्जनीचं एक पेर. बाकी काही नव्हतं. त्या दोघांत स्क्रूड्रायव्हर धरून ते सराईतपणे मिक्सर खोलत होते.

"बघा की ताई," ते न चिडता म्हणाले. "सगळे बघतात. प्रेसनं घेतली बोटं. साहेबांच्याच हाताखाली होतो मी."

काका उठून स्कूटर सावलीत लावायला गेले. स्कूटर सावलीतच होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका येतात का नेहमी?"

"दर रविवारी येतात, चहा पितात. साहेबांचं माझ्याकडं एक काम राहिलंय," गफूरभाई म्हणाले. "कवातरी करतील." मग त्यांनी डाव्या हाताने जार उचलून माझ्यापुढे ठेवला आणि पातं कसं सैल झालं होतं ते दाखवायला लागले.

शेवटच्या भागाची चित्रं माझ्याकडे आली तेव्हा आमचं भांडण झालं. दरवाजा पाडायचा प्रसंग. मी मोठं चक्र काढलं होतं, वज्रधर दोन्ही हातांनी ते फिरवतो आणि दरवाजा कोसळतो. दिसायला जोरदार होतं. काका चष्मा पुसायला लागले.

"एवढं नको," ते म्हणाले. "साखळीच्या चाकाला लाकडाची एक पाचर लावलेली हाय. तो ती काढतो. दोन बोटांनी. बस."

"दिसणार नाही कोणाला, काका."

"जवळून दाखव. हातमोजा काढून दाखव. आन पाची बोटं दिसू दे."

तेवढ्यात आणखी एक गोष्ट निघाली. टोप घातलेलं पात्र आमच्या धंद्यात सोयीचं असतं. तोंड दिसत नाही, त्यामुळे शब्दांप्रमाणे ओठ हलवत बसावं लागत नाही आणि चित्र पुरं झाल्यावरही त्याच्या तोंडी नवं वाक्य घालता येतं. उघड्या तोंडाच्या पात्राचं तसं नसतं. एकदा ओठ काढले की वाक्य पक्कं झालं. बदलायचं तर सगळं पुन्हा काढा. हे मी काकांना सहज सांगितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"म्हंजे एवढे दिवस ह्याच्या तोंडी कुणीबी काहीबी घालू शकत होतं?"

"शकत होतं की."

"मग कबूल करताना त्याला टोप काढायला लाव," काका म्हणाले. "ओठ काढ, माय. वाक्य पक्कं कर. मागनं कुणाला हलवता येऊ नये."

निखिल वाढणाऱ्या कामाने कुरकुरला, पण काकांनी त्याला खुर्चीसकट हलवून सोडलं. मी वज्रधराचा चेहरा पहिल्यांदा काढला. जबडा काकांचा दिला. त्यांनी बघितलं, खूश झाले आणि म्हणाले, "चालतंय."

त्या दुपारी आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर उभे होतो. ग्लास नेहमीसारखा त्यांचाच. मी विचारलं, "पाचर कशी काढतात, किती जोर लागतो, ते तरी सांगा. मला हाताच्या शिरा काढायच्यात."

"जोर लागत न्हाई," ते म्हणाले. "बोटानं हलवली की निघते. मी काढलीय."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. चाकणला त्यांच्या खात्यात एक जुना प्रेस होता. त्याला एकमेकांपासून लांब दोन बटणं. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच दणका बसायचा. म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याची खात्री. पण त्यात वेळ जातो. माल निघायचा असेल, वरून तगादा असेल तर एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची. ते दाबलेलंच राहतं. मग एका हाताने पत्रा आत सारायचा आणि दुसऱ्याने उरलेलं बटण दाबायचं. कामाला वेग येतो. सगळीकडे करतात, म्हणाले. त्या दिवशी पाचर काकांनी स्वतः ठोकली होती, गफूरभाईंच्या डोळ्यांदेखत, आणि म्हणाले होते, चालव.

"तो वरडला. बाकीचे पळत यायच्या आत मी पाचर काढून खिशात घातली," काका म्हणाले. "चौकशी झाली. मला विचारलं, मशीन कसं होतं? मी म्हणलं, मशीन नीट हाय. तवर नीट झालंच होतं."

"मग?"

"मग काय. दोन्ही बटणं नीट, तर हात आत गेलाच कसा? म्हणजे ह्यानंच काहीतरी उद्योग केला. घरी बसवला त्याला."

"ते बोलले नाहीत?"

"बोलला की. त्याचं कोण ऐकायलंय? मी सुपरवायझर, नाटकातला माणूस, सगळे मानायचे." त्यांनी ग्लासातला उरलेला चहा फेकून दिला. "त्याला पैसा नको, काय नको. मला म्हणला होता, साहेब, एकदा चार माणसांत म्हणा. घरात बायकोसुद्धा मलाच धांदरट समजते. तेवढं म्हणा. मला अजून म्हणता आलं न्हाई."

मला त्यांची किळस आली आणि त्याच वेळी वाटलं, चला, निदान हा माणूस आता बोलतोय. तोंड वज्रधराचं असेना का. जबडा तर ह्यांचाच आहे.

रेकॉर्डिंग शेजारच्या जेवणाच्या सुट्टीत झालं. काका काचेपलीकडे उभे होते आणि माइकसमोर त्यांनी खुर्ची मागून घेतली होती. वाक्यं साधी होती. "कोणी सांगितलं म्हणून नाही. घाबरून नाही. मी जागा होतो. पाचर मी काढली. सिदू मला हाक मारत होता." एका दमात झालं. निखिलने डोळे पुसले आणि मीही पुसले. बाहेर येऊन काकांनी माझ्यादेखतच फोन लावला. "गफूर, शेवटचा भाग रविवारी सकाळी लागणार हाय. टीव्ही लावून बस. वहिनीला बी बसव. तुझं काम झालं." मग मला म्हणाले, "तू बी ये, माय."

हे इथेच संपलं असतं तर मी त्यांच्याबद्दल फार गोड लिहिलं असतं.

भाग मुंबईला गेला आणि तिथून बैठक लागली. पडद्यावर पलीकडे तिघंचौघं होती, सगळी हसतमुख. त्यांनी काकांना 'सर, सर' केलं. वज्रधर आता शाळेच्या दप्तरांवर आणि डब्यांवर येणार होता. पोरांच्या डब्यावर ज्याचं चित्र छापायचं त्याने निरपराध माणसं मारलेली कशी चालतील? आईबाप काय म्हणतील? त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की दरवाजा पाडताना त्याच्यावर कोणाची तरी मोहिनी होती असं दाखवा. मालिकेत मायाकाळ नावाचा दुष्ट होताच. डोळे जांभळे केले की काम भागतं. बाकी गोष्ट हात न लावता तशीच ठेवू, अप्रतिम आहे.

आणि जाता जाता सांगावं तसं त्यांनी सांगितलं, की दुसरं पर्व पूर्ण सरांचंच. सुरुवातीलाच, मालिकेच्या नावाखाली, एकट्याचं नाव येईल. पहिल्या पर्वात काकांचं नाव शेवटी मुंग्यांएवढ्या अक्षरांत, विजेचं काम बघणाऱ्याच्या खाली पळत जायचं. ते त्यांना किती लागलं होतं ते आम्हाला माहीत होतं. दर रविवारी ते टीव्हीसमोर उभं राहून नाव वाचायचा प्रयत्न करायचे आणि त्याआधीच जाहिरात लागायची.

मी वाट बघत होते, की आता खुर्ची हलणार. निखिल घाबरून माझ्याकडे बघत होता. तो पलीकडच्यांना म्हणाला, "पण एक अडचण आहे. तोंड उघडं आहे, ओठ त्याच वाक्यावर बसवलेत. सगळं परत काढावं लागेल, वेळ नाही."

आणि काका म्हणाले, "टोप चढवा."

पलीकडचे म्हणाले, "सॉरी सर?"

"त्याच चित्रावर टोप चढवा. ओठ झाकतील. मग कुठलंबी वाक्य बसतंय." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एका दिवसाचं काम हाय. हिला इचारा."

ती युक्ती माझीच होती, मीच त्यांना शिकवलेली. पलीकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, काका, गफूरभाई टीव्ही लावून बसणार आहेत. ते म्हणाले, दुसऱ्या पर्वात आणतो की मी ते सगळं परत, नीट, सावकाश. आता अडून बसलो तर माणूसच हातचा जाईल, दुसऱ्या कुणाला देतील, ते त्याचं माकड करून टाकतील. शिवाय निखिलनं एवढी माणसं ठेवलीत, त्यांच्या पोटाचा विचार नको का करायला? सगळं खरंच होतं. एकही कारण खोटं नव्हतं.

"कारण सगळ्यांकडे असतं, काका," मी म्हणाले.

मला वाटलं ते चिडतील. कठडा धरून ते म्हणाले, "ते वाक्य माझं हाय." आणि उतरून गेले.

वज्रधराच्या चेहऱ्यावर टोप मीच चढवला. दुसऱ्या कोणाला तो नीट बसवता आला नसता. पाचर काढणाऱ्या हाताची पाच बोटं मात्र तशीच राहिली. ती बदला असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

नव्या वाक्याचं रेकॉर्डिंग घाईत ठरलं. शेजारी प्रेस चालू होते, सुट्टीला वेळ होता. काका काचेपलीकडे उभे राहिले. खुर्ची मागितली नाही. धप झालं, आणि सवयीने निखिलने विचारलं, "काका, थांबू या?"

"कशाला?" काका म्हणाले. "टोपातनं बोलायलोय. आवाज घुमणारच हाय. चालू दे."

आणि त्यांनी वाक्य म्हटलं. "माझ्यावर मायाकाळाची मोहिनी होती. मला काही कळत नव्हतं. पाचर कोणी काढली, मला आठवत नाही." वाईट म्हटलं नाही. चांगलंच म्हटलं, आवाज जिथे चिरायला हवा तिथे चिरला. निखिलने त्यावर लोखंडात घुमल्यासारखा परिणाम चढवला. प्रेस बराचसा त्यात विरून गेला.

दुसऱ्या पर्वाला मी ती मालिका सोडली होती. नाव येतं म्हणे त्यांचं, मोठ्या अक्षरांत. दरवाजाची गोष्ट परत कधी आली नाही. काका ठणठणीत आहेत, भोसरीतच आहेत, पण मी जात नाही. त्यांना शेवटचं बघितलं ते शेवटचा भाग लागला त्या रविवारी.

मी चाकणला का गेले? गफूरभाई एकटेच ते बघत बसले असते, हे मला सहन होईना म्हणून. काका तोंड दाखवणार नाहीत याची खात्री होती. गाळ्यात शिरले तर ते आधीच येऊन बसलेले, इस्त्रीचे कपडे, केसांना ताजा रंग. समोर स्टीलचा ग्लास. हे धैर्य होतं की निर्लज्जपणा, मला आजही ठरवता आलेलं नाही. गफूरभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. त्यांची बायको आली होती. शिरा करून आणला होता, आणि टीव्हीकडे तोंड करून डोक्यावरचा पदर नीट करून बसली होती. कशासाठी बोलावलंय ते तिला माहीत असावं.

भाग सुरू झाला. दरवाजा आला, धावणारी माणसं आली, पाच बोटांच्या हाताने पाचर काढली. गफूरभाई पुढे झुकले. त्यांनी आपला उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता. मग वज्रधर पोरांसमोर उभा राहिला, चेहऱ्यावर टोप, आणि टोपातून ते वाक्य आलं. मोहिनी. काही कळत नव्हतं. आठवत नाही. आकाशपथकातल्या पोरांनी त्याला मिठी मारली आणि आनंदाचं संगीत लागलं.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग काकांकडे, आणि शिऱ्याच्या डब्याला झाकण लावलं.

जाहिराती लागल्या तेव्हा गफूरभाईंनी डाव्या हाताने रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"आवाज तुमचाच हाय, साहेब," ते म्हणाले.

"हो."

"मागं प्रेस चालू हाय."

"न्हाई रे," काका म्हणाले. "संगीत असंल त्यातलं."

"न्हाई साहेब," गफूरभाई म्हणाले. "प्रेसच हाय. मला कळतो."

काकांनी ग्लास उचलला, दुकानाबाहेरच्या नळावर गेले आणि आमच्याकडे पाठ करून तो धुवायला लागले. मी उठले, बाईंना नमस्कार केला आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडले. स्कूटी सुरू करून वळवली, रस्त्याला लागले, तरी मागे नळ चालूच होता आणि ते तो एकच ग्लास धूत उभे होते.